नववी ब : आंतरवासिता आणि दिवाळीनंतर कारखान्याला जाणारी मुलं

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला गेलेल्या आमच्या कॉलेजच्या मुली सध्या मला एकच गोष्ट विचारतात, "ताई, नववी-दहावीची पोरं आपलं ऐकतात का हो?" टाचण (पाठाचा लेखी आराखडा) कसं काढायचं, फलकलेखन कसं करायचं, हे कॉलेजात शिकवतात. मुलांशी ओळख कशी होते ते मात्र कुणी सांगत नाही, आणि आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळात, सगळी मदार असते त्यावरच. म्हणून माझं जसं झालं तसं क्रमाने लिहून ठेवते. शाळा, गाव आणि मुलांची नावं देत नाही. मुलं अल्पवयीन आहेत आणि त्यांच्या घरच्या गोष्टी यात आहेत.

माझं बी.एस्सी. २०२३ ला झालं, भौतिकशास्त्र घेऊन. त्याच वर्षी बी.एड.ची सीईटी दिली. शंभर प्रश्न, दीड तास. बौद्धिक क्षमतेला ४०, सामान्य ज्ञानाला ३० आणि शिक्षक अभियोग्यतेला ३० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. प्रवेशफेऱ्या लांबत लांबत पावसाळा सरत आला तेव्हा कुठे बीडच्या एका कॉलेजात नाव लागलं. अध्यापन पद्धती घेतल्या विज्ञान आणि गणित.

पहिलं वर्ष सूक्ष्म अध्यापनात गेलं. सज्जता प्रवर्तन (मुलांना पाठासाठी तयार करणं), प्रश्न कौशल्य, चेतक बदल (लक्ष टिकवायला शिकवण्याची रीत बदलत राहणं), प्रबलन (उत्तर देणाऱ्याला दाद देणं). एकेका कौशल्याचा पाच-सहा मिनिटांचा पाठ आणि समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच वर्गातल्या मैत्रिणी. त्या हात वर करतात, शहाण्यासारखी उत्तरं देतात, पाठ वेळेत संपतो. कौशल्यं खरोखर उपयोगी पडतात, तो सराव मन लावून करा. फक्त खऱ्या वर्गात मुलं उत्तर न देताही पाच मिनिटं शांत बसू शकतात, हे तिथे कळत नाही.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि आंतरवासिता एकूण वीस आठवड्यांची. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. सोळा आठवडे म्हणजे शाळेचं जवळजवळ अख्खं सत्र. जुलै २०२४ च्या शेवटी कॉलेजने शाळांची यादी लावली. शहरातल्या शाळांना मागणी फार, तिथे एकेका शाळेत डझनभर छात्राध्यापक, म्हणजे आमच्यासारखे शिकाऊ शिक्षक. मी आणि आणखी तिघांनी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली एक संस्थेची शाळा घेतली. पाचवी ते दहावी, अनुदानित. गर्दी कमी म्हणजे तास जास्त मिळणार, हा सरळ हिशोब होता. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी जाऊन-येऊन ६० रुपये पडायचे, म्हणजे महिन्याला १५०० च्या आसपास. गाडी पहाटे साडेसहाची. ती चुकली की वडापने (खाजगी जीपने) जायचं, आणि वडाप भरल्याशिवाय हलत नाही.

कागदपत्रांचं एकदम सांगून टाकते. कॉलेजचं विनंतीपत्र, त्यावर मुख्याध्यापकांची संमती, संमतीची प्रत परत कॉलेजात. शाळेत आपली वेगळी हजेरीवही, तिच्यावर रोज सही आणि आठवड्याला मुख्याध्यापकांची सही. ही आठवड्याची सही मागे ठेवू नका. मुख्याध्यापक कधी पंचायत समितीत असतात, कधी प्रशिक्षणाला, आणि महिन्याभराच्या सह्या एकदम मागायला गेलं की ते बरोबरच तयार होत नाहीत. विनंतीपत्राच्या तीन प्रती करून ठेवा. संस्थेच्या कार्यालयालाही एक लागते, आणि ते आधी कुणी सांगत नाही.

१२ ऑगस्टला, सोमवारी, शाळेत रुजू झालो. परिपाठाला मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली. मला नववी ब मिळाली. पटावर साठच्या आत-बाहेर मुलं, बाक तीस. पहिला आठवडा फक्त निरीक्षण. मी मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसायचे. पहिल्याच मधल्या सुट्टीत दोन मुली जवळ आल्या. मला वाटलं नाव विचारतील, कुठल्या गावच्या विचारतील. एकीने विचारलं, "मॅडम, तुम्ही कव्हर हायेत हितं?"

म्हटलं, "डिसेंबरपर्यंत."

"म्हंजी आमच्या मागून जाणार तुम्ही," ती म्हणाली आणि मैत्रिणीकडे पाहून हसली.

तेव्हा मला ते पुरतं कळलं नाही. वर्गशिक्षक सरांनी दुपारी उलगडून सांगितलं. या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे हलतात आणि बरीच मुलं त्यांच्याबरोबर जातात. सर म्हणाले, "छात्राध्यापक दरवर्षी येतात. छान तक्ते आणतात, फोटो काढतात, जातात. पोरांना त्याची सवय झाली आहे. तुमच्यात जीव लावायचा की नाही, हे ती जरा थांबून ठरवतील. तुम्ही घाई करू नका."

हे वाक्य मी टाचण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. सोळा आठवड्यांत मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच.

निरीक्षणाच्या आठवड्यात मी बाकांचा नकाशा काढला. कोण कुठे बसतं, कोण कुणाशी बोलतं, कोण रोज पाचव्या तासाला नसतं. हजेरी घ्यायची परवानगी मागून घेतली आणि क्रमांकाऐवजी नावाने हजेरी घेतली. नाव उच्चारायचं, मान वर करून त्या मुलाकडे बघायचं, मग पुढचं. याला चार मिनिटं जास्त लागतात. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीला वही न बघता नावं यायला लागली, तेव्हा वर्गातला आवाज आपोआप बदलला. ज्याला "ए निळा शर्ट" म्हणून हाक मारतात तो मुलगा ऐकत नाही. नावाने हाक मारली की निदान बघतो तरी. तुम्हाला बाकी काही जमलं नाही तरी एवढं नक्की करा.

पहिला मोठा घटक मिळाला धाराविद्युत. विज्ञानाच्या पुस्तकातलं तिसरं प्रकरण. टाचण चांगलं झालं होतं : पूर्वज्ञानाचे प्रश्न, हेतुकथन, विभवांतर समजवायला पाण्याच्या दोन टाक्यांचा तक्ता, ओहमचा नियम, फलकलेखनाचा आराखडा. पहिल्या तासाला पूर्वज्ञानाचे प्रश्न विचारले आणि पुढच्या दोन बाकांवरच्या चार मुलींनी उत्तरं दिली. बाकी वर्ग खाली मान घालून बसलेला. नियम सांगितला, सूत्र लिहिलं, उदाहरण सोडवलं. सगळ्यांनी उतरवून घेतलं. वह्या सुंदर. पण मला कळत होतं की हे माझ्या हातातून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत गेलंय, मध्ये कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता उघडलाच नाही. विचारलं, "तुमच्याकडे या आठवड्यात मोटारीची थ्री फेज लाईट कधी असते?"

एकदम दहा-बारा जण बोलायला लागले. कुणाकडे रात्री बारापासून, कुणाकडे सकाळी. कुणाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळालेली, पंधरा दिवस झाले. मी एकेकाला थांबवत ऐकत गेले. मागच्या बाकावर एक मुलगा होता, वडिलांबरोबर रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणारा, म्हणून पहिल्या दोन तासांना त्याला हमखास डुलकी लागायची. सरांनी ते आधीच सांगितलं होतं. त्याला म्हटलं, डीपीपासून मोटारीपर्यंत तारा कशा येतात ते फळ्यावर काढून दाखवशील का? तो उठायला तयार नव्हता. शेजारच्याने ढकलला तेव्हा आला.

त्याने डीपी काढली. तिथून तीन तारा ओढल्या, स्टार्टरची पेटी काढली, तिच्यात हिरवं आणि लाल बटण, मग केबल, मग विहिरीतली मोटार. प्रत्येक ठिकाणी फ्यूज कुठे असतो ते खुणेने दाखवलं. हात सफाईदार चालत होता. मग खडू तसाच हातात धरून त्याने मला विचारलं, "मॅडम, एक फेज गेल्यावर लोक कंडेन्सर लावून मोटार चालवतेत. मग मोटार गरम कामून होती?"

या प्रश्नात सगळं प्रकरण आलं होतं. तीन तारांनी वाहायची ती धारा दोन तारांवर आली, धारा वाढली, तारेचा रोध तोच, म्हणून उष्णता वाढली. नववीच्या पुस्तकात धारेच्या उष्णता परिणामाचं सविस्तर प्रकरण नाही, ते दहावीत येतं. मी तरी सांगितलं. वर्ग ऐकत होता, कारण मोटार रिवाइंड करायला किती पैसे लागतात हे त्यातल्या बहुतेकांना माहीत होतं. मग त्याच्याच आकृतीवर विभवांतर, धारा आणि रोध या तिन्हींची नावं घातली आणि ओहमचा नियम पुन्हा लिहिला. शेवटची पाच मिनिटं ओल्या हाताने स्टार्टर न धरण्यावर बोललो. तेही त्यांनीच सांगितलं, मी फक्त क्रमाने फळ्यावर लिहिलं.

त्या मुलाची डुलकी त्यानंतरही लागायची, रात्रीची थ्री फेज त्याच्या हातात नव्हती. पण जागा असला की प्रश्न विचारायचा. आणि मी झोपलेल्याला उठवणं बंद केलं. तो जागा झाला की राहिलेलं शेजाऱ्याकडून समजून घेईल, अशी व्यवस्था त्या दोघांनी मिळून केली.

टाचणाच्या विरोधात मी काही म्हणत नाही. टाचण लिहिलेलं असल्यामुळेच त्या दिवशी तास भलतीकडे गेला नाही. पण 'पूर्वज्ञान' या रकान्यात आपण मागच्या इयत्तेचं पुस्तक भरतो. माझी विनंती आहे की त्या रकान्याखाली आणखी एक ओळ मोकळी ठेवा आणि ती गावात फिरून भरा. मी आठवड्यातून एकदा दुपारची एसटी सोडून संध्याकाळच्या गाडीने जायचे. मुलांच्या वाटेने वस्तीपर्यंत चालायचं, कुणाच्या ओट्यावर चहा घ्यायचा. ज्यांच्या घरी गेले त्या मुलांशी पुढे एकदाही आवाज चढवावा लागला नाही. एकटीने जाऊ नका, दुसरी छात्राध्यापिका किंवा शाळेतल्या बाई बरोबर असू द्या, आणि मुख्याध्यापकांना आधी सांगा.

पोळ्यानंतर तीन दिवसांनी, ५ सप्टेंबरला, शिक्षक दिन. मोठ्या वर्गातली मुलं त्या दिवशी शिक्षक होतात. नववी बमधल्या एका मुलीने सहावीला गणित शिकवलं. काळी काठाची साडी आईची, केसात गजरा. तिने हजेरी घेतली ती नावाने, मान वर करून, प्रत्येकाकडे बघत. मी खिडकीत उभी होते. मला जे वाटलं ते शब्दांत नीट येणार नाही.

मुलींशी बोलणं वर्गात कमी आणि पाण्याच्या टाकीजवळ जास्त झालं. तिथे त्या मोकळ्या असतात. शाळेत स्वच्छतागृहाला पाणी नसलं की त्या चार दिवसांत काही जणी येतच नाहीत, हे मला तिथे कळलं, हजेरीपटावरून कळलं नसतं. पर्यवेक्षक बाईंना सांगितलं. त्यांनी शिपाईमावशींकडून सकाळी ड्रम भरून ठेवायची सोय केली. मोठं काही नव्हतं, पण त्या मुलींनी मला सांगितलेली गोष्ट वाया गेली नाही, हे त्यांनी पाहिलं.

सप्टेंबरच्या अखेरीला गावात मुकादम, म्हणजे ऊसतोडीचे मजूर ठरवणारे, फिरायला लागले. उचलीची, म्हणजे मजुरीच्या आगाऊ रकमेची, बोलणी सुरू झाली की मुलांच्या बोलण्यात ती येते. मुलगा उशिरा आला, का, तर घरी मुकादम आला होता. त्याच सुमारास गणिताच्या पुस्तकातलं अर्थनियोजन हे प्रकरण माझ्या डोक्यात घोळत होतं. बचत, गुंतवणूक, आयकर. ते शाळेच्या नियोजनात दुसऱ्या सत्रात होतं, म्हणजे निम्मी मुलं गेल्यानंतर. मी मार्गदर्शक सरांना विचारलं की हे आधी घेऊ का. त्यांनी नियोजनात बदल करून मुख्याध्यापकांची सही घेऊन दिली. असं विचारायला संकोच करू नका. लेखी विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात.

एक नियम मी स्वतःला घालून घेतला होता, कुणाच्याही घरची उचल विचारायची नाही. फळ्यावर एक काल्पनिक कुटुंब लिहिलं. नवरा-बायको, म्हणजे ऊसतोडीच्या भाषेत एक कोयता. उचल एक लाख रुपये. जानेवारी २०२४ च्या ऊसतोड मजुरांच्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपये झाला. दिवसाला दोन टन ऊस तोडला असं धरू. उचल फिटायला किती दिवस?

मुलांनी भागाकार केला. २७३ टन आणि वर थोडं. दिवस १३७. एकजण म्हणाला, "साडेचार महिने." मग वर्गात जरा वेळ कुणी बोललं नाही. एक मुलगी उठली, "मॅडम, यात खाडे धरले न्हाईत. आजारी पडलं, पाऊस आला, गाडी आली न्हाई, की खाडा." दुसरी म्हणाली, "अन् खर्ची? दर पंधरवड्याला किराणाला खर्ची घेतेत, ती उचलीतच वाढती." मी दोन्ही गोष्टी समीकरणात घातल्या. पुढचा अर्धा तास मुलं मला सांगत होती आणि मी लिहीत होते. दोन चलांची रेषीय समीकरणं आदल्या महिन्यात शिकवताना ज्यांना 'क्ष' आणि 'य' कशाला हवेत असं वाटत होतं, त्यांनी खाड्याला 'क्ष' आणि खर्चीला 'य' स्वतःहून ठेवलं.

त्या दिवशी कॉलेजचे मार्गदर्शक प्राध्यापक निरीक्षणाला आले होते. त्यांनी शेऱ्यात लिहिलं की विद्यार्थी सहभाग उत्तम, पण घटकातला आयकराचा भाग राहिला, तो दुसऱ्या तासाला पूर्ण करावा. योग्यच होतं. मी दुसऱ्या दिवशी आयकर घेतला, कारण वार्षिक परीक्षेत त्यावर प्रश्न येतो आणि या मुलांना ती परीक्षा द्यायची आहे. निरीक्षकांचे शेरे मनाला लावून घेऊ नका आणि सोडूनही देऊ नका. त्यातलं बरंचसं कामाचं असतं.

या तासानंतर एक मुलगा संध्याकाळी एसटी थांब्यापर्यंत माझ्याबरोबर आला. बोलला काही नाही. गाडी दिसल्यावर म्हणाला, "मॅडम, कारखान्यावर गेल्यावर वही कुणाला दाखवायची?"

दसऱ्यानंतर प्रथम सत्र परीक्षा झाली आणि दिवाळीपर्यंतचे राहिलेले दिवस आम्ही या एका प्रश्नावर घालवले. आधी काय सोय आहे ते शोधलं. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, आठवीपर्यंतचा. स्थलांतर करणाऱ्या मुलाला जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते शिक्षण हमी कार्डही त्याच वयोगटासाठी. नववीचं मूल या सगळ्याच्या बाहेर पडतं, आणि नेमकं याच वयात मुलाच्या हातात कोयता येतो आणि मुलीच्या लग्नाचं बोलणं निघतं. मुख्याध्यापकांनी सांगितलं की नाव पटावरून काढणार नाही, वार्षिक परीक्षेला या. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली आहे. त्याची चौकशी करून काही मुलींचे अर्ज वर्गशिक्षकांनी भरून घेतले. बोनाफाईड, आधार आणि आईवडील ऊसतोड कामगार असल्याचं ग्रामसेवकाच्या सहीचं ओळखपत्र, ही तयारी जूनमध्येच करून ठेवावी. ऑक्टोबरमध्ये ग्रामसेवकाच्या मागे सगळं गाव असतं आणि जागाही भरत आलेल्या असतात. अर्ज केलेल्यांपैकी थोड्याच जणींना जागा मिळाली.

जे जाणारच होते त्यांच्यासाठी आम्ही चौघा छात्राध्यापकांनी दुसऱ्या सत्राची पानं काढली. गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी, प्रत्येक धड्याचं एक पान : चार ओळी समजावणीच्या, दोन सोडवलेली उदाहरणं, पाच सोडवायची. झेरॉक्स दोन रुपये पान. चाळीस पानांचा एक संच म्हणजे ८० रुपये आणि संच तीसच्या घरात. दुकानदाराने एकदम करतो म्हणून दीड रुपयाने लावले. अर्धे पैसे शाळेतल्या शिक्षकांनी दिले, बाकीचे आम्ही वाटून घेतले. माझ्या सगळ्या आंतरवासितेत एसटीखालोखाल मोठा खर्च हाच. तक्त्यांवर मी त्या मानाने फार थोडे घातले आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

फोन नंबरांबद्दल एक सूचना. मुलांना स्वतःचा नंबर वैयक्तिक देऊ नका. आम्ही वर्गशिक्षकांच्या नावाने व्हॉट्सॲप ग्रुप केला, त्यात पालकांचे नंबर घेतले, आणि मी जे पाठवायचे ते सगळं ग्रुपवर. मुलांच्या सोयीसाठीही ते बरं आणि आपल्यासाठीही. नंबर घेताना एक शेजाऱ्याचा किंवा गावात राहणाऱ्या आजीआजोबांचाही घ्या. कारखान्यावर रेंज नसते, चार्जिंग नसतं, आणि मुकादमाच्या फोनवर निरोप गेला तर तो मुलापर्यंत पोचेलच असं नाही.

त्या वर्षी गळीत हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलं होतं आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. काही टोळ्या पाडव्यालाच निघाल्या, काही मत देऊन. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात आले तर निम्मे बाक रिकामे. उरलेली मुलं पांगून बसली होती, प्रत्येकजण आपापल्या जुन्या जागेवर. मी त्यांना पुढे बोलावलं नाही. मधे मतदानासाठी शाळा ताब्यात गेली, शिक्षक निवडणूक ड्युटीवर, त्यात आठवडा मोडला.

ग्रुपवर मी रोज रात्री आठला पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून टाकायचे. व्हिडिओ नाही, कारण डेटा पुरत नाही. आठ ही वेळ मुलांनीच सुचवली होती. उसाच्या फडातून आल्यावर, भाकरी होईपर्यंतचा वेळ. कोणत्या पानावर काय बघायचं ते सांगायचं आणि एक प्रश्न विचारायचा. काही दिवस एकही उत्तर आलं नाही. तरी रोज टाकत राहिले. मग एका रात्री, वहीचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचा आवाज आला. तो सांगलीकडे होता. मागे भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. तो म्हणाला, "मॅडम, भरलेली टायरगाडी जागची हालवताना बैल पार गुडघ्यावर येतेत. एकदा चालती झाली की तेवढा जोर लागत न्हाई. हे पहिल्या धड्यातलं जडत्वच हाये ना?"

मी ग्रुपवर उत्तर दिलं, हो, जडत्व, आणि त्याबरोबर घर्षणही, कारण थांबलेल्या चाकाला सुटायला जास्त बल लागतं. चढावर काय होईल, असं उलट विचारलं. दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या कारखान्यांवरून तीन उत्तरं आली. त्यातलं एक एका मुलीचं होतं, जी वर्गात माझ्याशी चार शब्दांच्या वर कधी बोलली नव्हती.

डिसेंबरच्या मध्यावर आंतरवासिता संपली. शेवटच्या तासाला परिसंस्थेतला ऊर्जा प्रवाह घेतला. निरोप समारंभ मी नको म्हटलं होतं, वर्गातले निम्मे लोक नसताना तो बरा वाटला नसता. मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्र दिलं. फाइलीत काय लागतं ते लिहिते : हजेरीवही, पाठ टाचणं निरीक्षकांच्या सह्यांसह, निरीक्षण पाठांच्या नोंदी, घटक चाचणी आणि तिचं विश्लेषण, कृतिसंशोधन, शालेय अभिलेखांचा अहवाल, दैनंदिनी. दैनंदिनी रोजच्या रोज लिहा. माझं कृतिसंशोधन स्थलांतरित विद्यार्थ्यांना आवाजी पाठांचा उपयोग या विषयावर होतं आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जवळजवळ सगळे प्रश्न त्यावरच विचारले.

आवाजी पाठ मी डिसेंबरनंतरही चालू ठेवले, रोजचे नाही, आठवड्यातून तीन. २०२५ मध्ये ऊस कमी असल्याने कारखान्यांचे पट्टे लवकर पडले, म्हणजे गाळप लवकर बंद झालं, आणि मार्चमध्येच बऱ्याच टोळ्या परतल्या. त्या वर्षी राज्यात पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिलदरम्यान झाल्या. मार्चअखेरीला शाळेत गेले, तर वर्ग जवळजवळ भरलेला होता. मुलं रापलेली, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. झेरॉक्सचे संच काहींनी आणले होते, गुळगुळीत आणि मळलेले. सरांनी मला परीक्षेआधीचे काही जादा तास घेऊ दिले. आलेल्यांपैकी बहुतेक सगळे दहावीत गेले.

दोन मुली आल्या नाहीत. एकीचं हंगामातच लग्न झालं होतं, आम्हाला ते परतलेल्या मुलींकडून कळलं. आधी कळलं असतं तर १०९८ वर, मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर, कळवता आलं असतं. तो नंबर मी सगळ्या मुलींना वर्गात लिहून दिला होता, पण दोनशे-तीनशे किलोमीटरवर, आईच्या फोनवरून, तो लावायला किती बळ लागतं याची मला कल्पना आहे. तिचा सासरचा पत्ता सरांनी मिळवला आहे.

दुसरीचे वडील आजारी पडले आणि तिला घरीच राहावं लागलं. वर्गशिक्षक, पर्यवेक्षक बाई आणि मी तिच्या घरी जाऊन आलो. शाळेत परत बसवायची तिच्या वडिलांची अजून तयारी नाही, पण घरी राहून दहावी द्यायला ते हो म्हणाले. त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार लागतं, अर्ज ऑनलाइन पावसाळ्यात सुरू होतात, आणि संपर्क केंद्र म्हणून जवळची शाळा निवडायची असते. ती आम्ही आमचीच निवडणार आहोत. गणिताचा आणि विज्ञानाचा जुना संच तिच्याकडे आहेच, दहावीचा नवा संच मी या महिन्यात काढते आहे.